ढब्बूचा आवाज

काचेपलीकडून कुणीच काही बोलेना.

ती माइकसमोर तशीच उभी राहिली, कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी धरून. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली शांतता कमावलेली असते. भिंतींवरचा करडा फोम बाहेरचं सगळं गिळून टाकतो आणि मग माणसाला स्वतःच्या पोटातली गुरगुर, दातांमागे जमलेली लाळ, घशातला चिकट पडदा असं सगळं नको इतकं जवळून ऐकू येऊ लागतं. काचेच्या त्या बाजूला रेकॉर्डिस्ट बटणांकडे पाहत होता. बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. त्याच्या शेजारी कंपनीचा माणूस मांडीवर एक निळसर अस्वल घेऊन बसला होता आणि नकळत त्याचं पोट चिमटीत धरून सोडत होता. धरत होता, सोडत होता.

तिने नुकतंच वाचलेलं वाक्य अजून खोलीतून गेलेलं नव्हतं. *मी सामान बांधू का?*

शेवटी कंपनीच्या माणसाने बटण दाबलं. "मॅडम, काटा आला हो अंगावर." बाही वर सारून त्याने हातही दाखवला. "फक्त एक करा. 'सामान'च्या आधी जरा थांबा. रडू येतंय, पण लपवतोय, असं. पोरांना लपवलेलं रडू बरोबर कळतं."

"केवढ्या पोरांना?"

"अं? पाचपासून पुढे. का हो?"

"काही नाही. त्या मापाने लपवायला हवं ना."

रेकॉर्डिस्टने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तो तिला छोटी म्हणे. सगळा स्टुडिओच म्हणे. चाळिशी ओलांडली, केसांत रुपेरी तारा आल्या, गुडघा कुरकुरू लागला, पण तिचा आवाज कुठल्याशा पायरीवर सात-आठ वर्षांच्या वयातच बसून राहिला होता. हाका मारल्या तरी वर यायला तयार नव्हता. परक्या भाषांतल्या चित्रपटांमधली हरवलेली पोरं, बोलके ससे, अनाथ बदकं या सगळ्यांची ती जीभ झाली होती. माहेरी फोन आला आणि तिने उचलला की पलीकडचा हमखास म्हणे, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" सासरी पहिल्या दिवशी ती सासूबाईंना काहीतरी विचारायला गेली, तर आतल्या खोलीतल्या नणदा उशीत तोंड खुपसून हसल्या. तेव्हापासून तिने स्वतःसाठी दुसरा आवाज घडवला. खालचा, जाड, किंचित घोगरा. घराचा उंबरठा ओलांडताना चप्पल काढावी तसा ती खरा आवाज बाहेर काढून ठेवी. तिच्या लेकीने जन्मापासून ऐकलेला आईचा आवाज हा असा घडवलेला होता.

कंपनीचं खेळणं साधं होतं. मऊ, केसाळ अस्वल. त्याच्या तळपायाला शिवलेली कापडी पट्टी आणि पट्टीवर छापलेला एक सांकेतिक क्रमांक. तो संगणकात घातला की पडद्यावर एक गाव उघडे आणि तेच अस्वल तिथे जिवंत होऊन उभं राही. त्याला स्वतःची खोली असे. त्याला भूक लागे, ताप येई, अंधाराची भीती वाटे आणि ते हे सगळं बोलून दाखवी. छोटीच्या आवाजात. वर्ष सरत आलं की त्या खोलीची मुदत संपे. मुदत वाढवायची तर दुकानातून दुसरं खेळणं आणायचं आणि त्याच्या तळपायाचा क्रमांक त्या गावाला द्यायचा. आज मुदत संपतानाची वाक्यं होती.

आवाज कुणाचा, हे कुठेही सांगायचं नाही, असं करारातच होतं. मुलांचा विरस होऊ नये म्हणून.

तिने वाक्य पुन्हा म्हटलं. 'सामान'च्या आधी थांबली. पुढचं वाक्य कागदावर होतं: *मला एक भाऊ आणलास तर ते मला राहू देतील.*

"हे नाही म्हणणार मी," ती म्हणाली.

कंपनीचा माणूस रागावला नाही. तो हसला, आणि ते हसू काचेवर उठलेल्या बोटाच्या तेलकट ठशासारखं तिच्या डोळ्यांसमोर राहून गेलं. "नका म्हणू. तुमचा इतका आवाज साठलाय आमच्याकडे, की मशीन जोडून घेईल. जरा सपाट निघेल, एवढंच. तुम्ही म्हटलंत तर गोड होईल."

सपाट. तिच्या आवाजात, तिच्या नावावर एक सपाट वाक्य. त्या एका शब्दाने ती अडकली. चांगलं-वाईट याबद्दलची तिची सगळी समज केव्हाच झिजत झिजत एवढ्यावर येऊन ठेपली होती, की काम वाईट होता कामा नये. तिने पाण्याचा घोट घेतला, घसा आवळला आणि ते वाक्य इतकं गोड म्हटलं, की रेकॉर्डिस्टने डोळे मिटून घेतले.

"छोटे, तुला पाप लागेल," कंपनीचा माणूस गेल्यावर रेकॉर्डिस्ट वायरी गुंडाळत म्हणाला.

"तुला नाही का? तूच तर टिपून ठेवलंस."

"मी काय, खिळा आहे. भिंतीत ठोकला की गप्प बसायचं." मग जरा वेळाने, "तुझ्या बबडीकडे आहे ना गं यातलं एक?"

तिने माइकवरचा फोमचा गोळा काढला. वर्षानुवर्षांच्या उच्छ्वासांनी तो आंबला होता. आजवर त्याचा वास तिला कधी आला नव्हता.

*

अस्वल तिनेच आणलं होतं, कंपनीने भेट दिलेलं. बबडीने त्याचं नाव ढब्बू ठेवलं. पहिल्या आठवड्यात ती त्याला उशीशी घेऊन झोपली. मग पट्टीवरचा क्रमांक पडद्यावरच्या गावात गेला आणि हातातलं अस्वल दिवसेंदिवस हलकं होत गेलं. आता ते पलंगाखाली होतं. छोटीने केर काढताना ते उचललं, तर केसांत खाऊचे कण चिकटून वाळले होते आणि कुशीला लाळेचा जुना, गोडसर, कुबट वास येत होता.

"अगं, हा इथे का पडलाय?"

"तो ढब्बू नाहीये," बबडी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ढब्बू इकडे आहे. तो नुसता कापूस आहे."

ती वाक्यं कुठल्या दिवशी गावात पोहोचली ते छोटीला सांगावं लागलं नाही. भाजी चिरताना तिने बाहेरच्या खोलीतून स्वतःलाच ऐकलं. स्वतःचा आवाज, 'सामान'च्या आधी थांबलेला. सुरी तशीच धरून ती उभी राहिली. मग बबडीचा आवाज आला, खूप हळू, समजावणीचा, आजाऱ्याशी बोलतात तसा: "नको ना बांधूस. मी करते काहीतरी. तू रडू नकोस हं." अशा आवाजात लेक तिच्याशी कधीही बोललेली नव्हती. छोटीच्या मनात एक घाणेरडी गोष्ट हलली. तिला त्या अस्वलाचा हेवा वाटला. आणि तो हेवा आपण आपलाच करतो आहोत, हे लक्षात येताच तिने सुरी ओट्यावर ठेवून दिली.

त्या दिवसापासून बबडीचं जेवण सुटलं. घास तोंडात धरून ती पडद्याकडे धावे. शाळेतल्या मैत्रिणीला तिने आपली रंगपेटी देऊन टाकली. मैत्रिणीकडे दोन अस्वलं होती आणि त्यांतल्या एकाचा क्रमांक तिला हवा होता. पण एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा चालत नाही. रंगपेटी मात्र परत आली नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करी. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून म्हणाला, "अगं, घेऊन टाक ना एक दुसरं. विषय संपेल."

"नाही संपणार. वर्षाने त्याचंही सामान बांधून ठेवलंय."

"तुला काय माहीत?"

"अहो, मीच बांधलंय."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "मग तिला सांग ना सरळ. म्हणावं, बाळा, ते आईचं काम आहे. खोटं खोटं असतं. पोरीला गंमतच वाटेल."

"कराराचं काय?"

"करार गेला खड्ड्यात. पोरगी वाळत चाललीये." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि तुझा तो आवाज... किती वर्षं झाली गं तुझ्या तोंडून ऐकून. मला आवडायचा."

त्याचं आधीचं वाक्य तिने मनात जपून धरलं. गंमतच वाटेल. लेक डोळे विस्फारून बघेल, टाळ्या पिटेल, गळ्यात पडेल, म्हणेल, म्हणजे ढब्बू आपल्या घरातच होता! या विचाराने तिला हुरूप आला आणि लाजही वाटली, लपवून ठेवलेला दागिना आरशापुढे अंगावर घालून बघताना वाटते तशी.

*

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपार कलली होती. खिडकीतून आलेलं पिवळट ऊन फरशीवर सांडून वाळल्यासारखं पडलं होतं. बबडी पलंगावर बसून शाळेचं दप्तर भरत होती. पुस्तकं बाहेर काढून तिने आत दोन फ्रॉक, कंगवा आणि पाण्याची बाटली घातली होती.

"कुठे निघाली स्वारी?" छोटीने घरच्या जाड आवाजात विचारलं.

"ढब्बूला काढलं तर मी पण जाणार. एकट्याला भीती वाटते त्याला."

छोटी पलंगावर बसली. खाली वाकून तिने कापसाचं अस्वल ओढून काढलं, मांडीवर घेतलं. तिने घसा मोकळा सोडला. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आवाजात ती म्हणाली:

"बबडे, मी कुठेच जात नाहीये."

बबडीचा चेहरा एका क्षणात उजळला. ती आधी पडद्याकडे वळली. पडदा काळा होता. मग तिने अस्वलाकडे पाहिलं. मग नजर सावकाश वर चढली आणि आईच्या गळ्यावर येऊन थांबली.

"तू त्याची नक्कल करतेस?"

"नक्कल नाही गं. माझा आवाजच असा आहे. खरा."

"मग रोज बोलतेस तो?"

"तो... तो मी करते. मोठ्या माणसासारखा."

बबडी विचार करत होती. बेरीज चुकली की ती पहिल्या आकड्यापासून पुन्हा मोजू लागे; तसंच काहीतरी तिच्या कपाळावर चाललं होतं.

"त्याला ताप आला होता. मी शाळेत गेले नव्हते. तेव्हा पण तू?"

"हो."

"आणि त्याला अंधाराची भीती वाटते म्हणून मी मामाकडे राहायला नाही गेले, तेव्हा?"

"ते आधीच बोलून ठेवलेलं असतं, राणी. कामावर. सगळ्या मुलांसाठी."

"पण तू तर घरात होतीस. मी रडत होते ते बघत होतीस." यात आरोप नव्हता, ती फक्त मोजत होती. "तुला माहीत होतं, ताप खोटा आहे."

छोटीने तिचा हात धरायला हात पुढे केला. बबडीने आपला हात मागे घेतला नाही. तो तिथेच, फ्रॉकवर, निर्जीव ठेवून दिला.

"सामानाचं म्हण," ती म्हणाली.

"कशाला ते आता?"

"म्हण ना. मला बघायचंय."

नको म्हणता आलं असतं. वाईट म्हणता आलं असतं. सपाट, चुकत, हसत. पण समोर ऐकणारं एक माणूस होतं आणि घसा आपणहून जुळून आला. "मी सामान बांधू का?" छोटी म्हणाली. स्टुडिओत म्हटलं होतं त्याहून ते चांगलं झालं, हे ओठ मिटायच्या आधीच तिला कळलं.

बबडीचे डोळे भरून आले. सगळं माहीत असून, आईचे ओठ हलताना बघत असून, ते भरून आले. आणि भरून आले म्हणून ती स्वतःवरच चिडली. तिने मनगटाने गाल जोराने पुसले. पाण्यात काहीतरी तरंगताना दिसल्यावर पेला दूर ठेवतात, तशा नजरेने तिने आईकडे पाहिलं.

घरात कुठेच आवाज नव्हता. भिंतींना इथे फोम नव्हता, तरी छोटीला स्वतःची लाळ ऐकू येत होती. जाड आवाजात बोलावं तर ते नाटक. खऱ्या आवाजात बोलावं तर तो ढब्बू. शेवटी दोन्हींच्या मधला, कुणाचाच नसलेला, फाटका स्वर बाहेर आला.

"बबडे, रागावलीस माझ्यावर?"

बबडीने दप्तराची चेन लावली. मग आपला पाय आईच्या अंगाला लागू नये म्हणून गुडघे पोटाशी घेत ती पलंगाच्या दुसऱ्या कडेने खाली उतरली, दप्तर खांद्याला लावलं, चपला पायांत सरकवल्या आणि दाराबाहेर निघून गेली.