पंख्याखालची भिंत

अध्यक्षसाहेब, सोसायटीच्या नोटिशीत तुम्ही खोटं लिहिलं. चौकीदारानं बेसमेंटात घातलेल्या भिंतीनं बिल्डिंगला धोका आहे म्हणे! जिच्यावर साधं छतसुद्धा टेकलेलं नाही, ती भिंत आपल्या नंदनवन वस्तीतली चार मजल्यांची बिल्डिंग पाडणार?

धोंडबा रात्रभर गेटवर असायचा, सकाळी खाली बेसमेंटच्या खोलीत येऊन झोपायचा. फरशी, रंग, सगळं केलेली खोली, पण एकच. मग त्याच्या पोराचं, विक्कीचं लग्न झालं. विक्की दिवसभर हिंगण्याला कंपनीत, धोंडबाची बायको इंदूबाई वरच्या फ्लॅटांत धुण्याभांड्याला, आणि खाली एकटी नवी सून मेघा. सुनेसमोर सासऱ्यानं आडवं व्हायचं? धोंडबा पायरीवरूनच खोकायचा. मेघा धडपडून उठायची, डोक्यावर पदर घ्यायची. तो डबा घेऊन माघारी. झोप गेटवरच्या खुर्चीत. दिवसाही पेंगतो, ही तक्रारही तुमचीच.

म्हणून विक्कीच्या सुट्टीला बापलेकांनी पत्र्याच्या पट्ट्या उभ्या करून त्यावर जिप्समचे बोर्ड कसले. पंखा मात्र एकच, खोलीच्या मधोमध.

"बाबा, वरपर्यंत नेऊ ना? पुरा आडोसा होईन."

"आन हवा कोणाले? पोरीले का मले? येडाच हायेस गा!"

धोंडबानं भिंत बरोबर पंख्याखाली धरली आणि पात्यांच्या हातभर खाली थांबवली.

दुसऱ्या सकाळी तो पायरीवर खोकलाच. पलीकडून मेघा खळखळून हसली. पोरगी एवढी मोकळी हसते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"मामाजी, आता काहून खोकता? भिंत हाये ना!"

"सवय हाये वं, पोरी."

तो खाटेवर पडला. पंख्याचं बटण तिच्या बाजूला. तिनं ते फिरवलं.

"हवा येऊन राहिली का, मामाजी?"

"येऊन राहिली. तू बी पाय पसरून बस जरा."

मेघा पाय पसरून बसली. पलीकडे सासरा घोरायला लागला होता.

मग तुम्ही आलात. भिंत बोटानं वाजवली, पोकळ वाजली. स्टुलावर चढून वरच्या फटीतून हात घातला. पलीकडे मेघा पदर सावरत उभी राहिली. संध्याकाळी नोटीस लागली: भिंत काढा.

विक्की स्क्रू काढायला बसला, तर मेघानं त्याच्या हातातला पेचकस ओढून घेतला.

"भिंत मंग काढजा. पहिले साहेबाले इचारून या, मामाजीनं झोपाचं कुठी?"

पेचकस अजून तिच्याजवळच आहे. तेच विचारायला धोंडबा स्वतः तुमच्या दारात उभा आहे. साहेब, दार उघडा आणि सांगा, उद्या सकाळी या माणसानं झोपायचं कुठं?