उजवा स्पीकर आणि कासववाले

“पुन्हा अठरा मिनिटं! अठरा मिनिटांत माझी अर्धी गल्ली वाटून होते. आणि यांच्या गाण्यात तोवर गाणारा तोंडसुद्धा उघडत नाही.”

ही कुरकुर पोस्टमनची. तो माझ्या डोक्यावर कोपर टेकून उभा होता, त्यामुळे मला ती सगळ्यांच्या आधी ऐकू आली. तुम्ही म्हणाल, स्पीकरला कुठून आलंय ऐकू? मित्रांनो, माझ्या छातीत कागदाचा एक पडदा आहे. आतून गाणं आलं की तो थरथरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाहेरून कुणी बोललं तरी तो थोडासा थरथरतोच. फक्त त्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. जो दिवसभर बोलतो तो ऐकतही असेल, असं लोकांना सहसा वाटत नाही.

मी एका जोडीतला उजवा. डावा माझा भाऊ, खोलीच्या त्या कोपऱ्यात. गाणं आम्ही दोघं वाटून घेतो. ड्रम बहुतेक दोघांकडे, ऑर्गन त्याच्याकडे, गिटार माझ्याकडे. एखादं वाद्य एकट्याच्याच वाट्याला येतं. ते त्याने वाजवलं नाही, तर ते त्या घरात वाजतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्हाला मिस्त्रींनी घडवलं. मिस्त्री म्हणजे सुतार. एकदा एक रेकॉर्डचं दुकान बंद होणार होतं आणि तिथली फडताळं उतरवायला त्यांना बोलावलं होतं. दुकानदाराने शेवटची म्हणून एक रेकॉर्ड लावून ठेवली होती. मिस्त्री हातात पाना घेऊन उभे राहिले ते उभेच. एक गाणं संपेना. मध्येच त्याची चाल बदलली, मग वेग बदलला, मग सगळं थांबून नुसता ऑर्गन वाजला, आणि कुठून कसं कोण जाणे, ते पुन्हा पहिल्या जागी येऊन उभं राहिलं. “याला काय म्हणतात हो?” मिस्त्रींनी विचारलं. “प्रोग्रेसिव्ह रॉक,” दुकानदार म्हणाला, “म्हणून तर दुकान बंद होतंय.” आणि त्याने न खपलेल्या रेकॉर्डचं एक खोकं मिस्त्रींना देऊन टाकलं.

उरलेल्या प्लायचे तुकडे जोडून मिस्त्रींनी आमची खोकी केली. कोपऱ्यांत एकही खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवलेलं. आतले भाग बाजारातून आणले. पहिल्यांदा मी वाजलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “थोडा नाकात बोलतोय.” मग आत कापूस भरला आणि माझं नाक साफ झालं. असे त्यांचे कान होते, मित्रांनो! यंत्राच्या करवतीवर दिवसभर काम करूनही, फळीत दडलेला खिळा त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचा.

पुढे रविवार सुरू झाले. दुपारी जेवणं उरकली की दोन माणसं यायची. एक पोस्टमन, म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दुसऱ्या समोरच्या घरातल्या गणिताच्या बाई. त्या एकदा “आवाज कमी करा” असं सांगायला आल्या होत्या. दारातच थांबल्या, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, “हे सातात चाललंय. चारात नाही, सातात!” तेव्हापासून त्यांची खुर्ची ठरलेली.

तिघांचे तीन बँड. खरी नावं लांबलचक होती आणि ती उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून रेकॉर्डच्या पाकिटावरच्या चित्रांवरून त्यांनी आपली नावं पाडली होती. मिस्त्रींचे कासववाले, कारण पाकिटावर पाठीवर अख्खं गाव घेतलेलं कासव. बाईंचे जिनेवाले, कारण त्यांच्या पाकिटावर वर चढणारा जिना खालीच उतरायचा. आणि पोस्टमनचे बंदरवाले, कारण पाकिटावर बंदराला लागलेलं जहाज.

“कासववाल्यांचा सांधा बघा,” मिस्त्री म्हणायचे. “पाच तुकडे जोडलेत, पण बोट फिरवलं तरी जोड लागत नाही.”

“लागत नाही, कारण तोवर माणूस झोपलेला असतो,” पोस्टमन म्हणायचा. “भाऊजी, गाणं पत्त्यावर पोचलं पाहिजे. माझे बंदरवाले चार मिनिटांत थेट इथे येतात.” आणि तो छातीवर थाप मारायचा.

“चार मिनिटं? अहो, ती जाहिरात झाली,” बाई म्हणायच्या. “जिनेवाले बघा. डावा हात सातात, उजवा अकरात, आणि सत्त्याहत्तराव्या ठोक्याला दोघं एकत्र. डोळ्यांत पाणी येतं हो.”

“बाई, तुमच्या डोळ्यांत पाढ्यांनी पाणी येतं,” पोस्टमन म्हणायचा. “ आमच्याही यायचं, पण वेगळ्या कारणाने.”

त्यांचे नियम कडक होते. तिघांच्या रेकॉर्डची एकेक बाजू ऐकायची. सुई रेकॉर्डवर असेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग वाद, मग मत. आणि आपल्या बँडला मत द्यायला बंदी. म्हणजे जिंकायचं असेल तर समोरच्याला पटवण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि पटवून घ्यायला कुणी तयार नाही! तेरा वर्षांत निकाल लागला असेल तो चार-पाच वेळा. बाकीचे रविवार भांडणातच मावळायचे. मिस्त्रींच्या बायकोला पोस्टमन ताई म्हणायचा, आपणही ताईच म्हणू. ताई चहाचे कप गोळा करत म्हणायच्या, “तुम्हाला कुणी विचारलं होतं का, की जगातला सगळ्यात चांगला बँड ठरवून द्या म्हणून?” पण पुढच्या रविवारी कप तेवढेच मांडायच्या.

मध्यंतरी एकदा माझे हाल झाले. माझ्या पडद्याभोवती फोमची कडा असते. ती वयाने झिजते, बोट लावलं तर पिठासारखी गळते. मी फरफर वाजू लागलो. बाईंना ते कळलं नाही, पोस्टमनला तर मुळीच नाही. मिस्त्रींनी मात्र पहिल्याच सुराला सुई उचलली. नवी कडा आणली, गोंदाने चिकटवली आणि दोन दिवस माझ्या तोंडावर एक थाळी पालथी घालून ठेवली. त्या दोन दिवसांत ते तीनदा येऊन विचारपूस करून गेले. माणसाची करतात तशी.

आणि मग, मित्रांनो, हळूहळू एक गोष्ट घडू लागली. ती कोणत्या दिवशी सुरू झाली ते मला सांगता येणार नाही.

आवाजाचं बटण आधी चारावर असायचं. ते पाचावर गेलं, मग सहावर. मिस्त्रींची खुर्ची हळूहळू माझ्याकडे सरकू लागली. फरशीवर तिच्या पायांचे जुने डाग मागे राहिले, आणि ताई ते पुसताना क्षणभर थांबायच्या. “टपाल्या, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस,” मिस्त्री मेहुण्याला म्हणायचे. “आजकाल रेकॉर्डच पातळ निघतात,” असंही म्हणायचे. ती रेकॉर्ड त्याच दुकानातल्या खोक्यातली असायची.

मग त्यांनी दोष माझ्यात शोधायला सुरुवात केली. एका महिन्यात तीनदा माझी पाठ उघडली. तार बदलली, कापूस बदलला, कडा ठीक असूनही नवी लावली. “दबका झालाय बिचारा,” ते ताईंना सांगायचे. “वय झालं त्याचं.” मी जीव तोडून वाजत होतो. पण त्या हातांना मी कसं सांगणार, की तुम्ही चुकीचं खोकं उघडलंय?

तिसऱ्यांदा पाठ बंद करताना त्यांनी माझी एक तार घट्ट केलीच नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदाच. ती आतल्या आत निसटली आणि मी मुका झालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. कासववाल्यांची बाजू लागली. डावा एकटाच वाजू लागला. बाईंनी चटकन माझ्याकडे पाहिलं, पोस्टमननेही पाहिलं. पण सुई रेकॉर्डवर होती, त्यामुळे दोघंही नियमाने गप्प. मिस्त्री डोळे मिटून मान हलवत होते.

त्या बाजूला तेराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात आणि एक इवलीशी घंटा तीनदा वाजते. ती माझ्या वाट्याची, फक्त माझ्या. मिस्त्रींचा त्या घंटेवर जीव. सुई रेकॉर्डवरच्या कोणत्या खाचेशी आली की ती वाजते, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी डोळे उघडून ती खाच पाहिली, बोट वर केलं, आणि खोलीतल्या संपूर्ण शांततेत ते बोट तीनदा अलगद हललं.

बाजू संपली. सुई उचलली गेली.

“ऐकलीत?” मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आज काय लख्ख वाजली घंटा! दुरुस्ती लागू पडली याला.”

पोस्टमनने बाईंकडे पाहिलं. बाईंनी आपल्या पेरांकडे पाहिलं.

“ऐकली, भाऊजी,” पोस्टमन म्हणाला. “लख्ख.”

“सुरेख,” बाई म्हणाल्या.

निघायच्या वेळी मिस्त्री आत कप ठेवायला गेले, तेवढ्यात बाईंनी केसांतली पिन काढून माझी पाठ उघडली आणि तार जागेवर बसवली. ताई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

त्या दिवशी मतं पडली ती दोन्ही कासववाल्यांना. पुढच्या रविवारीही दोन्ही. त्याच्या पुढच्याही. “तुमचं पटतं हो मिस्त्री, सांधा दिसत नाही खरा,” बाई म्हणायच्या. पोस्टमन नुसती मान डोलवायचा आणि चहा गार व्हायच्या आत संपवायचा. पूर्वी त्याचा चहा भांडणात हमखास गार व्हायचा. बंदरवाल्यांच्या बाजूने कुणी बोलेना. जिनेवाल्यांचे ठोके कुणी मोजेना. मिस्त्री जिंकत गेले आणि रविवारागणिक खुर्चीत लहान होत गेले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगताना शेवटी चार शब्द उपदेशाचे सांगायचे असतात. ते मी आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवट माझ्या हातात नाही. घरात जुना स्पीकर असेल तर त्याला उन्हात ठेवू नका. त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, झारीचं पाणी थेट आमच्या छातीत झिरपतं. त्याचा आवाज बदलला तर त्याची पाठ उघडा, पण आधी जरा स्वतःकडेही बघा. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्याशी खरं भांडा. लुटुपुटूचं हरू नका. खोटा होकार माणसाला किती एकटं पाडतो, ते मी चार हातांवरून पाहिलंय.

कारण सातव्या रविवारी मिस्त्रींनी रेकॉर्ड लावलीच नाही. खोक्यावर सुतळी बांधून ठेवली होती. माझी आणि भावाची तारही गुंडाळून वर ठेवलेली.

“बाई, हा सेट तुम्ही घेऊन जा,” ते म्हणाले. “तुमच्याकडे वाजेल तरी.”

“अहो, असं काय करताय?” बाई उठून उभ्या राहिल्या.

“तुम्ही दोघं आता वादाला येत नाही. आजाऱ्याला भेटायला येता तसं येता. मला कळत नाही का? येता, गोड बोलता, चहा पिता, जाता.” मिस्त्रींचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला, आणि तो किती खाली गेलाय हे त्यांना स्वतःला कळलं नसावं. “मेहुणा म्हणून ये हवं तर. पण हे बंद करू.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

पोस्टमन काहीतरी पुटपुटला.

“काय?” मिस्त्री म्हणाले.

एरवी अशा वेळी पोस्टमन “काही नाही, भाऊजी” म्हणायचा. सगळेच म्हणायचे. “काही नाही” हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य झालं होतं. पण आज त्याने आपली खुर्ची फरशीवरून खरवडत ओढली आणि मिस्त्रींच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी आणून ठेवली. बसला. त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला. आणि आयुष्यभर दारोदार नावं पुकारणाऱ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “तुमचे कासववाले मला एकाही रविवारी आवडले नाहीत!”

माझा पडदा थरथरला. मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत भांडणाची ती जुनी चमक आली.

“मग सहा वेळा मत का दिलंस, टपाल्या?”

पोस्टमनने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली नाही. त्याने मिस्त्रींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“कारण तुम्हाला ऐकू येत नाही, भाऊजी.”