चिक्कीची बरणी

नूरनं पॅड पिळलं आणि ते तिच्या हातातच फाटलं.

आतून कापूस निघेल असं तिला वाटलं होतं. निघालं ते भलतंच. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गुलाबीसर, बुळबुळीत गोळे बोटांतून घसरून मोरीच्या फरशीवर पडले. तिनं घाईघाईनं वरून तांब्याभर पाणी ओतलं. वाहून जायचं सोडून गोळे फुगले. आणखी एक तांब्या ओतला तर आणखी फुगले, जाळीवर जाऊन बसले आणि मोरी तुंबली.

नूर घाबरली. तांब्या हातात तसाच धरून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हे पॅडमधलं आहे हे तिच्या मनातही आलं नाही. दिवसभर जे अंगाला लागून होतं त्यातून निघालं, म्हणजे ते अंगातलंच, असा तिचा सरळ हिशेब.

बरं, पोरीनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं. चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाळी आली तेव्हा अम्मीनं जुन्या सुती ओढणीच्या घड्या करून दिल्या आणि एकच गोष्ट दहादा बजावली. अंगातलं रक्त तसंच टाकायचं नाही. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं. कुत्र्यानं हुंगलं, कुणाच्या पायाखाली आलं, तर मग त्या बाईचं काही खरं नसतं. आज तळेगावला शाळेचा खो-खोचा सामना होता. कापड घेऊन ही पळणार कशी, म्हणून शाळेतल्या रेणुकाबाईंनी कपाटातून दोन पॅड काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, चिकट बाजू कुठं लावायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, झालं की कागदात गुंडाळून कचऱ्यात टाक. नूरला बाईंचा शब्द मोडायचा नव्हता आणि अम्मीचाही. म्हणून आधी धुवायचं, मग टाकायचं, असं तिनं बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

तिच्या लेखी चूक दुसरीकडंच झाली होती. ती पळाली होती.

"या दिवसांत उड्या मारायच्या न्हाईत," अम्मी म्हणायची. "पिशवी सरकती."

पिशवी म्हणजे काय ते नूरला तळेगावच्या खालामुळं, म्हणजे अम्मीच्या थोरल्या बहिणीमुळं, तिच्या आपामुळं कळलं होतं. गेल्या वर्षी खालाची पिशवी काढली, तेव्हा नात्यातल्या बायका तिच्या पलंगाभोवती बसून कुजबुजत होत्या आणि नूर दाराशी चहाचे कप धरून ऐकत होती. गोळे गोळे पडत होते म्हणं. तुकडा तपासायला धाडलाय. अंगावर काढलं बघ, आधी दाखवलं असतं तर एवढ्यावर आलं नसतं. तेव्हापासून खाला भरलेली कळशी उचलत नाही, आणि कुणी हसवलं तरी पोटाला हात धरून हसते.

आणि आज नूर पाच मिनिटं कुणाच्या हाती लागली नव्हती. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. तिनं ओटीपोट दाबून बघितलं. दुखत नव्हतं. कळ नाही, काही नाही, आणि त्यामुळं तर ती जास्तच भ्याली.

तुकडा तपासायला लागतो, हे तिच्या बरोबर लक्षात होतं. अम्मी लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथून आणलेली एक रिकामी बरणी मांडणीवर होती. नूरनं नाक दाबून, डोळे अर्धे मिटून, एकेक गोळा उचलून बरणीत भरला. झाकण लावलं. मग फरशी तीनदा धुतली आणि उंबऱ्यात बसून राहिली. अब्बा हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानातून रात्रीशिवाय येत नसत. तोवर आपण जगू की नाही, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता.

अम्मी पाचला आली. हल्ली ती आली की आधी भिंतीला टेकून बसायची, मग पाणी मागायची. आजही तशीच बसली. बाहेर पावसाची झिमझिम होती. पडवीतल्या दोरीवर ओढणीखाली तिचे पाळीचे कापडाचे तुकडे वाळत होते, वाळत कसले, दमटच लोंबत होते. या दोरीवर ते रोजच असतात, याकडं नूरचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"सामना जिकला का?"

नूरनं मान हलवली आणि मागं लपवलेली बरणी पुढं केली.

"अम्मी, माझी पिशवी पडली."

अम्मीनं बरणी हातात घेतली. उजेडाकडं धरली, तिरकी केली. आतले गोळे एका बाजूला सरकले. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. नूरला वाटलं होतं आता पाठीत धपाटा बसेल, पळालीस कशाला म्हणून. बसला असता तर बरं झालं असतं.

"दुकतंय?" अम्मीनं हळूच विचारलं.

"न्हाई."

"न्हाईच दुकत," अम्मी म्हणाली. "त्येचंच भ्या वाटतं."

ती उठली. बरणी ओढणीखाली घेतली, दुसऱ्या हातानं नूरचं मनगट धरलं आणि चपला न घालताच बाहेर पडली. तिची पकड इतकी घट्ट होती की नूरच्या बांगडीचा वळ उठला. वाटेत ती एकदा थांबली, कुंपणाला धरून श्वास घेतला, आणि पुन्हा चालायला लागली.

ज्योत्स्नाताई म्हणजे त्यांच्या वलवण गावची आशा सेविका, तीन घरं सोडून राहायची. गरोदर बायांच्या नोंदी, पोरांचे डोस, सगळं तिच्याकडं. ती मेथी निवडत बसली होती. अम्मीचा चेहरा बघून तिनं नवऱ्याला म्हटलं, "अवो, जरा भाईर बसा," आणि बाजीराव बिचारा चहाचा कप घेऊन पडवीत गेला.

अम्मीनं बरणी तिच्यापुढं ठेवली. नूरनंच सांगितलं, सामना, पळणं, मोरी, सगळं, आणि सांगता सांगता ती रडायला लागली.

ज्योत्स्नाताईनं झाकण काढलं. चिमटीत गोळा धरून चुरडला, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली.

"पॅड धुतलंस व्हय गं?"

"व्हय."

"बास, मग रडू नगं. थांब हितं."

तिनं आपल्या पिशवीतून कोरं पॅड काढलं, सुरीनं मधोमध फाडलं, ताटात ठेवलं आणि त्यावर पेलाभर पाणी ओतलं. तिघीही ताटाकडं बघत राहिल्या. आधी पाणी कुठं गेलं ते कळलंच नाही. मग कापसातून गोळे वर आले, फुगले, तसेच बुळबुळीत. फक्त हे पांढरे होते.

"पावडर असती आत. पाणी पिऊन फुगती. रक्त धरून ठेवायला घातलेली असती," ज्योत्स्नाताई म्हणाली. "ह्यो माल कंपनीतला हाय, तुज्या पोटातला न्हाई. तुजी पिशवी हाय तितंच हाय. आन् पळाल्यानं ती सरकत न्हाई, खुशाल पळ."

नूरनं ताटातला गोळा बोटानं दाबून बघितला. मग पुन्हा दाबला. रडता रडता तिला हसू आलं आणि ते आवरेना. ज्योत्स्नाताई पण हसली.

"तुकडा बी भरून आणलाय तपासायला. डाक्टरीण होशील."

छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस आधी आपलं माणूस शोधतं. नूर हसत हसत अम्मीकडं वळली.

अम्मी हसत नव्हती. ती अजून ताटाकडंच बघत होती. तिनं बरणीचं झाकण उचललं, ओढणीनं पुसलं, खाली ठेवलं, परत उचललं.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली, "आन् जी पॅड वापरत न्हाई, नुसतं कापड घेती, तिचं आसं गोळे पडलं तर?"

ज्योत्स्नाताईचं हसू थांबलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि सरकून अम्मीच्या समोर बसली.

"कवापासनं, भाभी?"

अम्मीनं नूरकडं बघितलं. नूर बाहेर जाईल म्हणून जरा वाट बघितली. नूर हलली नाही.

"रमजानच्या आधीपासनं."

नूरला रमजान आठवला. पाळीत रोजा धरत नाहीत. पहाटे सगळ्यांसाठी उठून स्वयंपाक करायची, पण स्वतः अम्मी रोजा धरत नव्हती. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ सबंध महिना. डोकं दुखतंय, नंतर फेडीन, म्हणायची. त्याला आता पाच महिने होत आले होते.

"आन् कुनाला सांगितलं न्हाईस?"

"आपाचं ऐकलं व्हतं ना," अम्मी म्हणाली. "म्हटलं, आपलं बी तेच निगालं तर."

ती झाकण पुन्हा पुसायला लागली. नूरनं ते काढून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि येताना अम्मीनं जसं धरलं होतं तसंच अम्मीचं मनगट घट्ट धरलं.

"ताई," ती म्हणाली, "दवाखाना उद्या किती वाजता उघडतो?"