फळीवर ठेवलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. आज अंगावर पोचे दिसतात, पण तांबटाने घडवलं तेव्हा माझ्यात तोंड पाहून घ्यावं असा लखलखीत होतो! लग्नात मैना मला माहेराहून पावस गावी, सासरी घेऊन आली. ती मला आमसुलाने घासायची, आलागेला कौतुक करायचा. मी जरा फुगलोच होतो.

१९९९च्या उन्हाळ्यात तिची आठ वर्षांची शमिका सारखी पाणी मागू लागली. मला रिकामा करायची, लघवीला परसात धावायची, परत यायची ती पाणी मागतच. रोज अंथरूण ओलं. नवरा मुंबईला, विहिरीने तळ गाठलेला. मैना रडकुंडीला आली.

शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "सवय लागलीय गो तिला. दिवेलागणीनंतर पाणी बंद कर."

त्या रात्री मैनाने मला तसंच भरलेलं उंच फळीवर ठेवलं.

"आये, वायच तरी दे गो!"

"नको बाय, परत अंथरूण भिजेल."

पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. पोटात पाणी असून मी काही करू शकलो नाही. मला फार वाईट वाटलं.

सकाळी शमिका उठेना. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मैनाच्या काळजाचं पाणी झालं. तिला कडेवर आणि मला पिशवीत घेऊन तिने रिक्षाने रत्नागिरी गाठली.

सलाईन लागलं, तपासण्या झाल्या. मग डॉक्टरबाईंनी समजावलं, "मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. मेंदू तिच्यातून रक्तात एक संप्रेरक सोडतो. पाणी राखून ठेवा, असा तो मूत्रपिंडांना निरोप असतो. हिच्या शरीरात तो निरोपच निघत नाही, म्हणून पाणी वाहून जातं. मेंदू मग तहान लावून ते भरून काढतो. त्या तहानेनंच पोरीला जगवलं."

मैनाने मला पिशवीतून काढून छातीशी धरलं. "म्हंजे पोरीचा जीवच मी फळीवर ठेवला होता!"

तोच निरोप देणाऱ्या, नाकात घालायच्या थेंबांनी शमिका सावरली. आता ती कॉलेजात शिकवायला जाते, प्लास्टिकची बाटली घेऊन. मला आमसूल लागून किती दिवस झाले, कोण जाणे! पण त्याचं मला दुःख नाही. विहीर आटली तरी मैना पहिलं पाणी माझ्यातच ओतते आणि मला लेकीच्या उशाशी ठेवते. ती फळी अजून रिकामीच आहे.

मित्रांनो, शरीर उगाच काही मागत नाही. कुणी तहानलेलं दिसलं, तर आधी पाणी द्या. रागवायचं असेल तर मग रागवा.