एक थेंबही पोटात नाही

कंपनीचा विषय निघाला तर डोकं दुखतंय म्हणायचं, हे आत्याने सुट्टीवर निघतानाच ठरवलं होतं. पण बेटावर येऊन तीन दिवस झाले तरी भाचीने तो विषय सोडला असेल तर शपथ.

"सोमवारी कळवायचंय ना गं त्यांना? मग 'हो' म्हणून टाक की! नवे चाखणारे तयार करायचे म्हणजे तुझ्याशिवाय आहे कोण?"

"बघू," आत्या म्हणायची आणि समुद्राकडे बघत बसायची.

आत्याने एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत चव घेण्याचं काम केलं होतं. टेबलावर ओळीने साठ वाट्या, हातात चमचा. फुर्रर्र करून घोट ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि पचकन थुंकायचा. कुठला चहा किती दिवस ओल्या गोदामात पडून होता, हे ती डोळे मिटून सांगायची. मोठमोठे साहेब तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मग ती निवृत्त झाली, आणि गेल्या वर्षी तिला एक साधा ताप आला. ताप गेला तो जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. येईल कधीतरी, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आत्याची जीभ नुसती बोलायच्या कामाची उरली होती. हे तिने कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं. आंधळ्याने चित्रकला शिकवावी तसलं काम घेऊन कंपनी दारात उभी, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

चौथ्या दिवशी दुपारी भाची उड्या मारत आली. "आत्या, इथे बेटावरच बिअर बनवतात! जुन्या बर्फाच्या कारखान्यात. बाहेर कुठेही मिळत नाही म्हणे. सहा प्रकार आहेत, चल!"

खुर्चीत पेपर वाचत बसलेले दादा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ आणि भाचीचे बाबा, यांचा पेपर सावकाश खाली आला. दादांचा जन्म वजनमाप खात्यात गेलेला. 'पाच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्या माणसाची ते घड्याळ लावून वाट बघायचे. वहिनी गेल्यापासून बहीणभाऊ दोघंच एका घरात राहत होते, आणि त्या घरात बाटली सोडाच, तिचं झाकणसुद्धा आलेलं नव्हतं.

"तिथे जाऊन काय करणार?"

"नुसतं बघणार, बाबा."

"बघायला डोळे लागतात. ग्लास लागत नाही."

आत्याला काय अवदसा आठवली कोण जाणे. ती म्हणाली, "दादा, एक थेंबही पोटात जाणार नाही. शब्द देते."

"एक थेंब?"

"अर्धासुद्धा नाही."

दादांनी मान डोलावली. पेपर पुन्हा वर गेला.

रस्त्यावर येताच भाची फणफणली. "असला शब्द कशाला दिलास गं? आता काय, टाक्या मोजायच्या?"

"पोटात म्हटलंय मी," आत्या म्हणाली. "तोंडाबद्दल काही बोलले नाही."

कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. बर्फाच्या लाद्या सरकवायचे जुने रूळ फरशीत तसेच होते आणि भिंतीला लागून स्टीलच्या सहा टाक्या उभ्या होत्या. "काय मस्त वास सुटलाय!" भाची म्हणाली. "हो ना," आत्याने ठोकून दिलं. मालक रबरी बूट घालून फरशी धूत होता. त्याने पंधरा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, म्हणून अख्खं बेट त्याला अजून मास्तर म्हणायचं.

"शाळेत माझी फारशी पोरं पास झाली नाहीत," मास्तर ग्लास मांडता मांडता म्हणाले. "ही सहाही पहिल्या वर्गात आली आहेत. घ्या."

"मला एक बादली मिळेल?"

"बादली? तब्येत बरी नाही का?"

"छे हो, तब्येतीला काय धाड भरलीय! थुंकायला हवी."

मास्तरांच्या भुवया पार कपाळात गेल्या. पण फरशी पुसायची बादली आली. आत्याने पहिला ग्लास उचलला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने असा काही फुर्रर्र केला, की शेजारच्या टेबलावरचं जोडपं दचकून मागे वळलं. घोट तोंडात फिरला आणि बादलीत गेला. चव? शून्य. नुसतं गार आणि बुडबुडे.

पण मास्तर आणि भाची, दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. अगदी त्या साहेबांसारखे. आता मागे कशी हटणार? "हिला अंग आहे," आत्या गंभीरपणे म्हणाली, "पण शेवटी जरा घाईने उठून जाते."

मास्तरांनी चक्क खिशातून पेन काढलं.

दुसरी 'लाजरी' निघाली आणि तिसरी 'मनाने चांगली पण ठाम नाही'. भाची कौतुकाने फुगली होती. आत्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बेधडक थापा मारतोय आणि हा बिचारा तारीख घालून लिहून घेतोय! हा घोट झाला की उठायचं आणि सोमवारी सरळ नाही म्हणून कळवायचं, असं ठरवून तिने चौथा ग्लास तोंडाला लावला.

फुर्रर्र. आणि जिभेच्या पार मागे, कडेला, काहीतरी बोचलं.

आत्या थुंकली. "रबर," ती म्हणाली.

"काय?"

"रबर! हिला रबराचा वास मारतोय. चव पण. नव्याकोऱ्या रबराची!"

आता मास्तरांचा संयम संपला. "तीन ग्लास थुंकलात, मी एका शब्दाने बोललो नाही. ही माझी सगळ्यात नावाजलेली बिअर आहे, बाई. आजवर कुणी तिला नावं ठेवलेली नाहीत!" त्यांनी बादली उचलली आणि तरातरा टाक्यांकडे निघून गेले.

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. भास तर नसेल ना? पुन्हा बघायलाच हवं. तिने गालफडं फुगेपर्यंत मोठा घोट घेतला, तो फिरवला, आणि होतं की हो! रबर होतंच, आणि त्याच्या खाली काहीतरी भाजकं, कडवट, झकास. थुंकायला ती वाकली तर बादली गायब. आणि दारात दादा.

"चष्मा विसरलीस," दादा म्हणाले. त्यांनी आधी तिच्या गालांकडे बघितलं, मग ग्लासाकडे. "बोल ना. तोंडात काय आहे?"

भाचीने कपाळाला हात लावला. आत्याने फरशीकडे बघितलं. नुकतीच धुतलेली, चकचकीत. तिने डोळे घट्ट मिटले आणि गटकन गिळलं.

"गेली?"

"गेली. अख्खा घोट गेला," आत्या म्हणाली आणि एकदम तिला रडूच फुटलं. "दादा, रबर लागलं रे मला! वर्ष झालं, त्या तापापासून मला कशाची म्हणून चव नव्हती. मीठ नाही, साखर नाही. लाज वाटायची सांगायला."

तेवढ्यात मास्तर परत आले, पण आता चाल पार बदललेली. "बाई," ते खाली मान घालून म्हणाले, "मंगळवारी या टाकीची नळी बदललीय. नवी रबरी बसवली. मला स्वतःला कळलं नाही हो."

"कळणार नाहीच! त्याला जीभ लागते!" आत्याने पदराने डोळे पुसले आणि भाचीला ढोसलं. "सोमवारची वाट कशाला बघायची? कळव त्यांना आत्ताच. हो म्हणावं."

दादा अजून हातात चष्मा घेऊन तसेच उभे होते.

"तू काहीच बोलत नाहीस?" आत्याने विचारलं.

"काय बोलू? माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"चव गेल्याचं. तुझ्याच हातचं जेवतो मी. मार्चमध्ये दोन दिवस चहात मीठ होतं."

"अगं बाई! आणि तू प्यायलास?"

"दोन्ही दिवस."

"अरे पण मी विचारायचे ना तुला! दर जेवणाला विचारायचे, कसं झालंय म्हणून. तू 'छान' म्हणायचास. तेवढ्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅस पेटवायचे!"

"म्हणून तर म्हणायचो."

ग्रॅमभर कमी वजनासाठी बाजार बंद पाडणारा हा माणूस!

"म्हणजे वर्षभर तू माझ्याशी खोटं बोललास, दादा?"

"दिवसातून दोनदा," दादा म्हणाले. "पाहुणे आले की तीनदा."