दोराचं पुढचं टोक

बायको गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या मांडीवर तिचाच बूट होता. चढाईचे बूट दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान होतं. डाव्या बुटाला नवा तळ बसवून झाला होता, उजव्याचा जुना तळ नुकताच सोलून काढला होता. फोन तिच्या शाळेतून आला. फळ्यावर गणित सोडवता सोडवता बाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याने फोन ठेवला आणि तळ नसलेल्या बुटाची नाडी ओवत बसला.

उन्हाळ्यात त्यांची चौघांची तुकडी, म्हणजे ती दोघं, तिची धाकटी बहीण आणि एक दातांचा डॉक्टर, हिमशिखरावर जायची होती. वाट तिनेच शोधली होती आणि दोराच्या पुढच्या टोकाला नेहमी तीच असायची. यंदा राहू दे, असं डॉक्टर चाचरत म्हणाला. मेहुणीने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. ताईने हे ऐकलं असतं तर तुझेच दात पाडले असते, म्हणाली. मग प्रश्न उरला, पुढे कोण राहणार.

"भाऊजी, इतकी वर्षं तिच्यामागून तुम्ही चढलात," शेवटी मेहुणी म्हणाली. "तिचा पाय कुठे पडायचा हे आम्हाला काय माहीत?"

तो हो म्हणाला खरा, पण मागून चढणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. वर पोचून, दोर पक्का करून ती हाक द्यायची, "ये." तो खालून म्हणायचा, "येतो," आणि मगच पाऊल उचलायचा. वाऱ्यात लांबलचक बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुकडीत एवढंच बोलायचं ठरलं होतं. घरीसुद्धा पान वाढलं की ती तेवढंच म्हणायची.

हिमनदी त्यांनी पहाटेच्या गारठ्यात ओलांडली. बर्फाने झाकलेल्या भेगा तो काठीने चाचपत होता, मागे दोर ताठ ठेवून दोघं येत होती. नदीच्या डोक्याला बर्फाची उभी भिंत होती. ती चढली की शिखर. खाली मेहुणी त्याचा दोर सांभाळायला उभी राहिली आणि तो एकटा वर निघाला.

अर्ध्यावर निळा, दगडासारखा टणक बर्फ लागला. कुऱ्हाड धड रुतेना. त्याने धीर गोळा केला, पाय उचलला आणि सवयीने ओरडला, "येतो!"

मेहुणीला वाटलं, भाऊजी खाली येतायत. तिने झटकन दोर ओढून घेतला. त्याचे दोन्ही पाय सुटले आणि तो एका कुऱ्हाडीला लोंबकळला.

"कुठे येता?" ती खालून ओरडली. "वर जायचंय!"

"जाऊ दे गं," डॉक्टर म्हणाला, "जावई आहे, सासुरवाडीची आठवण झाली असेल."

लटकल्या लटकल्या त्याला हसू फुटलं. त्या फोननंतर तो पहिल्यांदाच हसत होता. हसता हसता एक पाय रुतला, मग दुसरा. मेहुणीने दोर सैल सोडला. उरलेली भिंत तो असा चढला की खालच्या दोघांना माना मागे टाकून बघावं लागलं.

वर त्याने बर्फात खिळे पिळून बसवले, दोर अडकवला, ओढून पाहिला. आता हाक द्यायची होती. हाक आल्याशिवाय खालचं कुणी हलणार नव्हतं. पण तो शब्द बायकोचा होता, त्याच्या तोंडून निघेना. निघाला तो इतका बारीक की वाऱ्याने तोंडातूनच नेला. खाली डॉक्टर गारठून एका जागी नाचत होता. वर त्याने मग छाती भरून घेतली आणि हाक मारली, "ये!"

भिंत दणाणली. "येते!" खालून उत्तर आलं. मेहुणीचा आवाज थेट तिच्या ताईसारखा होता. इतकी वर्षं वर उभं राहून बायको काय ऐकत होती, ते त्याला तेव्हा कळलं. हातात येणारा दोर तो भराभर ओढत राहिला.

दुपारच्या आत तिघेही शिखरावर होते. आणखी वर चढायला काही उरलं नव्हतं. डॉक्टर बर्फात उताणा पडून मोठमोठ्याने गात होता, मेहुणी त्याला बेसूर म्हणून हिणवत होती, आणि तो स्वतः ज्याच्या त्याच्या पाठीवर थापा मारत सुटला होता. वाट बायकोने सांगितली होती तशीच निघाली, अगदी शेवटच्या वळणापर्यंत.

परत आल्यावर त्याने दुकान उघडलं. गिऱ्हाइकांचे तुंबलेले सगळे बूट महिन्याभरात देऊन झाले. तिच्या उजव्या बुटाला तळ बसवायचा राहिला आहे.