जनरल दंडिग्यांचा शौर्यपट

लेफ्टनंट जनरल मार्तंड दंडिगे निवृत्त होऊन नागपुरात परतले, बेसा भागात बंगला बांधला आणि फाटकावरच्या पाटीत 'निवृत्त' हा शब्द इतक्या बारीक अक्षरांत कोरून घेतला, की तो वाचायला कडीशी नाक न्यावं लागे. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई जाता-येता त्या पाटीकडे बघायचं टाळत. जन्मभर त्या असल्याच पाट्यांच्या मागे राहिल्या होत्या.

दंडिगे घराणं मूळचं नागपुरातल्या महाल भागातलं. भोसल्यांच्या काळात त्यांचे कुणी पूर्वज पागेत कारकून होते. मार्तंडराव कॅप्टन झाले तेव्हा हे पूर्वज पागेचे अधिकारी झाले. मार्तंडराव कर्नल झाल्यावर ते सरदार झाले. आणि मार्तंडराव लेफ्टनंट जनरल झाले, त्या वर्षी सत्यनारायणाला जमलेल्या पाहुण्यांना कळलं, की भोसल्यांची एक अख्खी मोहीम या पूर्वजांनीच फत्ते केली होती. अरुंधतीबाई प्रसाद वाटत होत्या. त्यांनी नुसती मान खाली घातली.

साहेबांना दोन गोष्टी उत्तम यायच्या. एक म्हणजे वरिष्ठांशी गोल्फ खेळताना अगदी शेवटी, चुटपुट लागेल अशा बेतानं हरणं. दुसरी म्हणजे एखाद्या ठिकाणी गडबड होण्याआधी तिथून बदली करून घेणं. कारगिलच्या उन्हाळ्यात ते दिल्लीला एका अभ्यासक्रमात होते. पुढे ईशान्येकडे त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा तुकडी त्यांची राहिली नव्हती; नव्या साहेबांनी नुकताच कार्यभार घेतला होता. चौकशी नव्या साहेबांची झाली आणि बढती जुन्यांची. अरुंधतीबाई वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सी. पण त्यांनी सबंध नोकरीभर काय केलं, तर ट्रंका भरल्या, ट्रंका उघडल्या, आणि जवानांच्या मुलांच्या वेशभूषा स्पर्धांना नंबर दिले.

निवृत्तीनंतर साहेब टीव्हीवरच्या चर्चांमध्ये बोलू लागले. वरून कोट, खाली अर्धी चड्डी, अशा पोशाखात ते लॅपटॉपसमोर बसून शेजारी देशावर रोज हल्ला करायचे. मग कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की राज्यपालपदासाठी त्यांचा विचार होतोय. कुणी घातलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण नाव लोकांसमोर यायला हवं, म्हणून त्यांनी आपल्यावर एक चित्रपट काढायचं ठरवलं. काम दिलं अश्विनला. हा मुलगा एरवी लग्नांचं शूटिंग करायचा.

"सर, मस्त बनवू," अश्विन म्हणाला. "पण तुमच्या सोबत लढलेला एखादा माणूस पाहिजे."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "रुपराव आहे ना!"

रुपराव म्हणजे साहेबांचा जुना सहायक. बरीच वर्षं तो त्यांच्या घरी होता. बूट चमकवणं, कुत्र्याला फिरवणं आणि गोल्फची पिशवी वाहणं, एवढीच त्याची सैन्यसेवा. आता तो पारशिवनीजवळच्या आपल्या गावी धानाची शेती करत होता. पुढच्याच आठवड्यात सगळे त्याच्या घरी पोचले.

रुपराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, छातीवर पदकं लावून ओसरीवर उभा होता. कॅमेरा सुरू होताच तो बोलू लागला. "बर्फ म्हंजे कमरेइतका बर्फ! गोळ्या अशा सणसण जाऊन राहिल्या होत्या. साहेब म्हणे, रुपराव, मागं हटायचं नाही. आन् तेवढ्यात मले इथं लागली." त्यानं भुवईवरचा व्रण दाखवला.

अरुंधतीबाईंना तो बर्फ चांगलाच आठवत होता. तो गुलमर्गचा होता. सगळे तिथे सुट्टीला गेले होते. व्रण तर त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला. साहेबांनी मारलेला गोल्फचा चेंडू भलतीकडेच गेला, तो थेट रुपरावच्या भुवईवर. टाके घालताना त्याचा हात अरुंधतीबाईंनीच धरला होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे डोळे पाणावले होते. त्यांना हे सगळं खरंच वाटू लागलं होतं.

रुपरावची बायको जिजाबाई त्यांना आत घेऊन गेली. चहाचा कप हातात देत हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? यायनं खरंच लढाई लढली का?"

"काहून विचारता?" अरुंधतीबाईंच्या तोंडून आपसूकच लहानपणाची बोली आली; त्यांचं माहेरही महालातलंच.

"गावात पंधरा ऑगस्टले यायच्याच हातानं झेंडा चढते. त्याचं मले काही नाही. पण आमचा गोलू भरतीसाठी रोज पहाटे पळून राहिला. बापासारखं लढीन म्हणते. एकुलता एक पोरगा हाय, बाई. म्हणून विचारून राहिली. तो निशाण गोळीचा व्हय का?"

अरुंधतीबाईंनी कपातला चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. "नाही," त्या म्हणाल्या. "गोल्फच्या चेंडूचा आहे. साहेबांचाच."

जिजाबाई आधी बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. हसता हसताच तिनं डोळे पुसले. "पोराले कोण सांगन वं, बाई?"

परतीच्या वाटेवर अरुंधतीबाईंनी ठरवलं, पोराला आपणच सांगायचं. दुसऱ्या दिवशी अश्विननं त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि साहेबांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे, सरळ कॅमेऱ्यात पाहून बोलल्या.

"यांनी उभ्या आयुष्यात एकही जवान गमावला नाही. कारण एकालाही कुठे नेलंच नाही. नेलं ते गोल्फच्या मैदानावर. यांना भीती म्हणजे काय ते माहीतच नाही. भीती वाटावी अशा जागी लढाई पोचायच्या आत यांची बदली झालेली असे. आणि रुपरावच्या भुवईवर जी खूण आहे ना, तिला हेच जबाबदार आहेत."

अश्विन कॅमेऱ्यामागून म्हणाला, "काकू, एकदम भारी! नॅचरल!"

साहेबांच्या सत्काराला आणि सिनेमा दाखवायला शहरातला एक मोठा हॉल घेतला होता. पुढाऱ्यांपासून माजी कुलगुरूंपर्यंत झाडून सगळे आले. रुपराव, जिजाबाई आणि गोलूला पहिल्या रांगेत बसवलं होतं. अंधार झाला, पडदा उजळला, तुतारी वाजली. रुपरावचा बर्फ झाला, गोळ्या झाल्या. मग पडद्यावर अरुंधतीबाई आल्या.

"यांनी उभ्या आयुष्यात एकही जवान गमावला नाही," पडद्यावरची बाई म्हणाली. टाळ्या पडल्या. "यांना भीती म्हणजे काय ते माहीतच नाही." पुन्हा टाळ्या. तिरंगा फडकला आणि सिनेमा संपला.

अरुंधतीबाई तशाच उठून मागे अश्विनपाशी गेल्या. "अरे, बाकीचं कुठे गेलं?"

"काकू, तिथं म्युझिक संपून राहिलं होतं," अश्विन प्रामाणिकपणे म्हणाला. "लंबं होत होतं."

तेवढ्यात निवेदिकेनं भरल्या गळ्यानं पुकारा केला, "आणि आता मी व्यासपीठावर आमंत्रित करते वीरपत्नी अरुंधतीताईंना!" वीरपत्नी म्हणतात ते शहीद जवानाच्या विधवेला. साहेब निवेदिकेच्या शेजारीच हार घालून, खारे काजू खात बसले होते. पण चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. साहेबांनी तर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

अरुंधतीबाई वर गेल्याच नाहीत. त्या पहिल्या रांगेत आल्या आणि गोलूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या बाबांना गोळी लागलेली नाही. तो गोल्फचा चेंडू होता. लढाईबिढाई काही झाली नाही."

गोलूनं आजूबाजूला पाहिलं. "मले माहीत आहे, काकू. बाबानं मले कधीचंच सांगतलं जी."

"मग बापासारखं लढीन म्हणतोस ते?"

"ते आईसाठी. भरतीचं पळणं म्हटलं की ती तूप-अंडी खाऊ घालते ना." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "काकू, साहेबानं एखाद्या मोठ्या साहेबापाशी बाबासारख्या घरच्या कामाले माझं नाव टाकलं तं? मी गोल्फ शिकून राहिलो."

पलीकडून जिजाबाई अरुंधतीबाईंकडे आशेनं बघत होती. त्यांनी मान हलवून तिला खूण केली: काळजी करू नका, तुमचं पोरगं लढायला जात नाही. जिजाबाईनं तिथूनच हात जोडले.

साहेब राज्यपाल झाले नाहीत. पण शाळेच्या पुस्तकांत शौर्याचे धडे घालणाऱ्या एका समितीचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. मुंबईत बंगला, गाडी, वर ड्रायव्हर. पत्र आलं त्या संध्याकाळी ते म्हणाले, "अरुंधती, सामान बांधायला घे. सोमवारी निघायचं."

"तुम्ही निघा," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी इथेच राहणार. ट्रंका माळ्यावर आहेत. शिडी गॅरेजमध्ये."

साहेबांनी आधी दरडावून पाहिलं, मग समजावून. शेवटी त्यांनी आवाज बारीक करून विचारलं, "लोकांना मी काय सांगू?"

"तुम्हाला काय सांगायचं ते सुचतंच."

आणि ते सुचलंच. मुंबईहून पहिल्याच मुलाखतीत साहेबांनी सांगितलं, की त्यांच्या पत्नीनं विदर्भात राहून समाजकार्याला वाहून घेतलं आहे. दुसऱ्याच दिवशी दुपारी वसाहतीतल्या तीन बायका हार घेऊन दारात आल्या. दार बऱ्याच वेळानं उघडलं. अरुंधतीबाईंच्या गालावर उशीचे वळ उमटले होते.

"ताई, तुमचं कार्य नेमकं काय आहे?" एकीनं आदरानं विचारलं.

"दुपारची झोपते," अरुंधतीबाई म्हणाल्या. "या ना आत. चहा टाकते."